सावित्रीला झालेला उशीर

पुष्करला जाऊन आलो असे सांगितले की पहिला प्रश्न उंटांचा येतो. तिथली प्रसिद्ध जत्रा भरते कार्तिकात, आणि आम्ही उभयता गेलो फाल्गुनाच्या अखेरीस. त्यामुळे हौशी प्रवाशांना वाळूत एक फेरी मारून आणण्यासाठी झुली घालून उभे केलेले चारदोन उंट सोडले, तर आम्ही उंट पाहिलेच नाहीत. त्याची मला खंत नाही. मी पुष्करला गेले ती सावित्रीसाठी, आणि ही सावित्री वडाला दोरा गुंडाळताना आपण जिची कथा सांगतो ती नव्हे.

लहानपणी मला या दोघी एकच वाटत. वास्तविक महाभारतातल्या कथेनुसार मद्र देशाच्या अश्वपती राजाने अपत्यासाठी सावित्री देवीची अठरा वर्षे उपासना केली, तिच्या वराने त्याला कन्या झाली आणि म्हणून त्याने मुलीचे नावही सावित्रीच ठेवले. म्हणजे यमाच्या मागे जाऊन नवऱ्याचे प्राण परत आणणारी सावित्री ही दुसऱ्या एका सावित्रीचा प्रसाद होय. ती पहिली सावित्री म्हणजे ब्रह्मदेवाची पत्नी. तिचे आणि तिच्या नवऱ्याचे जे बिनसले ते आजतागायत मिटलेले नाही, आणि पुष्कर हे गाव त्या बिनसण्याच्या भोवतीच वसलेले आहे, असे तिथे दोन दिवस काढल्यानंतर माझे मत झाले.

अजमेरहून पुष्कर पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर आहे. मध्ये अरवलीची एक रांग आडवी येते, तिला नाग पहाड म्हणतात. बस त्या डोंगराला वळसे घेत वर चढते आणि पलीकडे उतरते तेव्हा हवाच बदललेली जाणवते: अलीकडे गजबजलेले शहर, पलीकडे रेताड जमीन, आणि टेकड्यांच्या कुशीत पडलेले एक लहानसे गाव. सरोवर मात्र लगेच दिसत नाही. बाजाराच्या अरुंद गल्लीतून, गुलकंदाच्या आणि बांगड्यांच्या दुकानांमधून चालत असताना अचानक एका कमानीखालून पाणी चमकते, आणि तिथून पुढे चपला काढाव्या लागतात.

ब्रह्मदेवाने वज्रनाभ नावाच्या असुराला हातातल्या कमळाने मारले, त्या कमळाच्या पाकळ्या पृथ्वीवर तीन ठिकाणी पडल्या आणि तिथे पाणी उसळले, अशी पुष्करच्या उत्पत्तीची कथा आहे. पुष्कर या शब्दाचा अर्थच कमळ. ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ अशी तीन पुष्करे मानली जातात आणि त्यांच्या देवता अनुक्रमे ब्रह्मा, विष्णू आणि रुद्र. आपण ज्याला पुष्कर म्हणतो ते ज्येष्ठ पुष्कर. बाकीच्या दोहोंकडे फारसे कोणी फिरकत नाही. कमळानंतर या जागी ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला, आणि खरी गोष्ट सुरू होते ती तिथून.

ही गोष्ट पद्मपुराणाच्या सृष्टिखंडात आहे. आमच्या घरी पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या पद्मपुराणाचा एक जीर्ण खंड आहे, आणि निघण्यापूर्वी मी त्यातला तो भाग अडखळत का होईना पण मुळातून वाचला होता. गावात जो तो ती कथा सांगतो, पण सांगताना सावित्रीला उशीर का झाला हे मात्र प्रत्येक जण एका वाक्यात उरकतो. कोणी म्हणतो ती सजत बसली होती, कोणी म्हणतो मैत्रिणींची वाट पाहत होती. मैत्रिणींचे खरे आहे. लक्ष्मी, इंद्राणी वगैरे अजून आलेल्या नाहीत, त्यांच्यावाचून मी एकटी कशी येऊ, असे ती बोलावणे घेऊन आलेल्या ऋत्विजाला म्हणते. परंतु त्याच्या आधी ती जे सांगते ते या कथेकऱ्यांपैकी कोणीच सांगत नाही. दार अजून सजवलेले नाही, भिंतींवर चित्रे काढायची आहेत, अंगणात स्वस्तिक रेखायचे राहिले आहे आणि भांडीही घासून झालेली नाहीत, अशी तिची यादी आहे. पुराणकाराने जगन्माता म्हणवणाऱ्या देवीच्या तोंडी खरकट्या भांड्यांचा उल्लेख घालावा, हे वाचून मी पोथी मिटून थोडा वेळ तशीच बसले होते. ज्या घरात कार्य असते त्या घरातल्या बाईलाच कार्याला वेळेवर पोहोचता येत नाही, हे त्याला कोणी सांगितले असेल?

मुहूर्त टळत होता. पत्नीवाचून यज्ञ होत नाही, म्हणून ब्रह्मदेवाने इंद्राला दुसरी कोणीतरी स्त्री घेऊन येण्यास सांगितले. इंद्राला वाटेत गोरस विकायला निघालेली एक गवळ्याची मुलगी दिसली. तिला त्याने धरून आणले, तिचा विवाह लावला, आणि तीच गायत्री. राजस्थानातले गुर्जर तिला आपली मानतात. तिला कोणी काही विचारले नाही, ही गोष्टही जाताजाता नोंदवण्यासारखी आहे. मग सावित्री सगळ्या सख्यांसह मंडपात आली, आपल्या जागी दुसरी बसलेली तिने पाहिली, आणि तिने जे शाप दिले त्यातून जवळजवळ कोणीही सुटले नाही. ब्रह्मदेवाची पूजा होणार नाही. इंद्र शत्रूंच्या हाती सापडेल. विष्णूला मनुष्यजन्म घेऊन पत्नीविरह सोसावा लागेल. अग्नी वाटेल ते भक्षण करील. तिथे बसलेल्या ब्राह्मणांनाही तिने सोडले नाही: तुम्ही केवळ दक्षिणेच्या लोभाने यज्ञ कराल आणि लोभापायीच तीर्थांचा आश्रय घ्याल. गायत्रीने पुढे प्रत्येक शापाला उःशाप दिला, असे पुराण सांगते.

हा ब्राह्मणांना दिलेला शाप मला गऊ घाटाच्या पायऱ्यांवर आठवला. हातात फुले आणि तांदूळ देऊन आमच्याकडून संकल्प म्हणवून घेणाऱ्या एका गुरुजींनी गोत्र, नाव, गाव विचारून झाल्यावर, मंत्राच्या ओघातच, किती ब्राह्मणांना भोजन घालणार असा प्रश्न इतक्या सहजपणे मिसळला की आमचे हे ‘पाच’ म्हणून बसले. नंतर त्या पाचांचा हिशोब प्रत्येकी किती असा निघाला, आणि ओंजळीत सरोवराचे पाणी धरलेल्या अवस्थेत माणसाला घासाघीस करता येत नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते. मी ओंजळ सोडली, दोनशे एक रुपये पायरीवर ठेवले आणि नमस्कार केला. ते रागावले नाहीत. त्यांनी मनगटाला लाल धागा बांधला आणि पुढच्या कुटुंबाकडे वळले. हा धागा हातात असला की दुसरे कोणी अडवत नाही, म्हणून परदेशी पाहुणे त्याला पुष्करचा पासपोर्ट म्हणतात. मला राग यायला हवा होता, पण सावित्रीचे शब्द इतक्या वर्षांनी तंतोतंत खरे होताना पाहिल्याचे एक विचित्र समाधानच वाटले.

सगळे तसे नव्हते. दुसऱ्या एका वृद्ध पंड्यांनी आमचे गाव विचारून लाल कापडात गुंडाळलेली लांबोडकी वही उलगडली आणि बराच वेळ पाने चाळून आमच्या कुळातले कोणी पूर्वी आल्याची नोंद नाही असे प्रामाणिकपणे सांगितले. मग त्यांनीच नवी नोंद करायला सांगितली. ह्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात आजोबा, वडील, स्वतः आणि मुलगा अशी चार नावे लिहिली. मी म्हटले, ‘‘अहो, यात बाई एकही नाही.’’ पंडे महाराज हसले आणि त्यांनी लेखणी माझ्याकडे दिली. आजेसासूबाई, सासूबाई, मी, सून आणि माझी लेक अशी पाच नावे मी त्याखाली लिहिली. उद्या आमच्या नातवंडांपैकी कोणी तिथे गेलेच, तर त्यांना ती सापडतील.

सरोवराभोवती ५२ घाट आहेत. त्यांच्यावर राजेरजवाड्यांची नावे आहेत, आणि आपल्या लोकांनी तिथे थोडा रेंगाळावे असे काही त्यांत आहे. १७५५ मध्ये नागौरच्या वेढ्यात जयाप्पा शिंदे यांचा दगाफटक्याने खून झाला, आणि त्या खुनाची भरपाई म्हणून मारवाडच्या विजयसिंहाला अजमेर मराठ्यांच्या हवाली करावे लागले. या भरपाईला तिकडे मुंडकटी म्हणतात. मध्यंतरीची काही वर्षे वगळता अजमेर १८१८ पर्यंत शिंद्यांकडे होते, आणि त्यांच्या अमलाच्या खुणा पुष्करच्या पाण्याकाठी उरल्या आहेत. कोटतीर्थ घाट दौलतराव शिंद्यांचा, आणि शिव घाट अजमेरचे मराठा सुभेदार गोविंदराव यांचा. अहिल्याबाई होळकरांनी इथे धर्मशाळा बांधली. इतकेच काय, ब्रह्मदेवाच्या मंदिराचा १८०९ मधला जीर्णोद्धार शिंद्यांचे कारभारी गोकुळ पारेख यांनी केला. वराह मंदिराची कथा याहून खडतर आहे. बाराव्या शतकात चौहान राजा अर्णोराजाने बांधलेले ते देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडले गेले आणि १७२७ मध्ये जयपूरच्या सवाई जयसिंहाने पुन्हा उभे केले. आज ते किल्ल्यासारख्या उंच भिंतींच्या आड आहे.

ब्रह्मदेवाचे मंदिर गावाच्या एका टोकाला आहे. संगमरवरी पायऱ्या, दारावर हंस, लाल रंगाचे शिखर. फरशीत आणि भिंतींत चांदीची नाणी बसवलेली आहेत. कोणी वडिलांच्या, कोणी आईच्या स्मरणार्थ दिलेली, त्यांतली कित्येक तळव्यांनी झिजून गुळगुळीत झाली आहेत. गाभाऱ्यासमोर जमिनीत चांदीचे कासव आहे. चतुर्मुख ब्रह्मदेव आणि त्याच्या शेजारी, अर्थातच, गायत्री. संसारी माणसाने या गाभाऱ्यात शिरून पूजा करायची नाही असा परंपरेचा दंडक आहे, आणि तोही सावित्रीच्या शापाकडेच बोट दाखवून सांगितला जातो. रांगेत उभे असताना एका वाटाड्याने जगातील हे एकमेव ब्रह्ममंदिर असे तीनदा सांगितले. हे काही खरे नाही. आपल्या गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या ब्रह्मकरमळीला ब्रह्मदेवाचे देऊळ आहे. पोर्तुगीजांच्या धाकाने तिसवाडीतल्या करमळीहून लोकांनी ती मूर्ती तिकडे हलवली, आणि नव्या गावाला जुन्या गावाचे नाव दिले. नालासोपाऱ्याला चक्रेश्वराच्या आवारातही ब्रह्मदेवाची एक देखणी उभी मूर्ती आहे. मी हे त्या वाटाड्याला सांगितले नाही. त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?

पाण्याविषयी लिहायलाच हवे. घाटावरून पाहताना सरोवर भरलेले, शांत आणि कबुतरांनी गजबजलेले दिसते, परंतु हे पाणी आपोआप टिकत नाही. पावसाचे पाणी सभोवतालच्या टेकड्यांवरून येते, त्या टेकड्यांवरचे झाड तुटले, गाळ आणि वाळू पाण्याबरोबर उतरू लागली, गावात उपसा वाढला आणि भूजल खाली गेले. २००९ च्या जत्रेच्या वेळी सरोवर जवळजवळ कोरडे होते. गाळ काढण्यासाठी ते आधीच रिकामे करण्यात आले होते आणि त्यानंतर पाऊस पुरेसा झाला नाही. कार्तिक स्नानासाठी आलेल्या लोकांनी त्या वर्षी घाटांवर बांधलेल्या कुंडांत, कूपनलिकेच्या पाण्याने स्नान केले. बाजारातल्या एका गुलकंदवाल्या काकांनी त्या वर्षीची आठवण सांगितली. लहानपणी ज्या पाण्यात पोहायला शिकलो त्याच्या तळाशी चालत जाऊन उभा राहिलो, असे ते म्हणाले, आणि मग विषय बदलून त्यांनी चैती गुलाबाच्या पाकळ्यांची टोपली पुढे केली. पुष्करच्या आसपास गुलाबाची शेती मोठी आहे, त्या दिवसांत नुकती फुलांची तोडणी सुरू झाली होती, आणि साऱ्या गल्लीला त्याचा वास होता. रबडीत घोळवलेला मालपुआही इथलाच खास. तो मी अर्धा खाल्ला, उरलेला ह्यांनी. मांस, अंडी आणि दारू या गावात विकली जात नाही.

सावित्रीचे देऊळ गावाबाहेर रत्नगिरी नावाच्या टेकडीवर, अगदी माथ्यावर आहे. गायत्रीचे देऊळ त्याच्यापासून दूर, सरोवराच्या पलीकडच्या दुसऱ्या टेकडीवर. लोक तिला पापमोचनी म्हणतात. नवरा मध्ये खाली, आणि दोघी दोन टोकांना. हे पाहून मला पंढरपूर आठवल्यावाचून राहिले नाही. तिथेही रुक्मिणी रुसून दिंडीरवनात निघून आली, देव तिच्या मागोमाग आला, आणि आजही तिचे देऊळ वेगळे, विठ्ठलाच्या शेजारी ती उभी नाही. पण आमची रुक्मिणी निदान एका आवारात राहते. तिची समजूत काढायला देव चालत तरी आला. पुष्करचा देव आपल्या जागेवरून हलला नाही.

टेकडीवर जायला दोन मार्ग आहेत, पायऱ्या आणि रोप-वे. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी रोप-वे घेतला. मी मात्र सावित्रीला पाळण्यात बसून भेटायचे नाही असे ठरवूनच आले होते. साडेचारला ऊन थोडे उतरल्यावर चढायला लागले. सुरुवातीची चढण सोपी आहे, पुढे पायऱ्या उंच आणि ओबडधोबड होतात. वाटेत काळ्या तोंडाची वानरे बसलेली असतात, त्यांना पिशवीत काय आहे ते आपल्याआधी कळते. दोन ठिकाणी बसले, पाणी प्याले, एका राजस्थानी म्हातारीने हात धरून एक अवघड टप्पा पार करून दिला. ती दर महिन्याला येते म्हणाली. मी तिला विचारले, सावित्रीकडे काय मागता? ती म्हणाली, ‘‘सुहाग.’’ जिचा स्वतःचा संसार असा मोडला तिच्याकडे बायका अखंड सौभाग्य मागतात, आणि यात त्या म्हातारीला काही विसंगत वाटत नव्हते. मलाही, विचार करता, वाटेनासे झाले; ज्याने जे गमावले आहे त्याला त्याची किंमत अधिक ठाऊक असते, असा तिचा हिशोब असावा.

वर पोहोचायला मला तासाहून अधिक वेळ लागला. घामाघूम होऊन शेवटची पायरी चढले तर हे कठड्याशी सावलीत बसून चहा पीत होते. मला पाहून म्हणाले, ‘‘किती उशीर लावलास!’’

मी काही बोलले नाही. नुसते पाहिले. त्यांनी सकाळीच माझ्याकडून सारी कथा ऐकलेली असल्यामुळे त्यांना स्वतःचे वाक्य क्षणात उमगले असावे, कारण ते उठले आणि माझ्यासाठी चहा आणायला गेले.

देऊळ लहान आहे. गाभाऱ्यातली सावित्री मला रागीट वाटली नाही, थकलेलीही वाटली नाही. सकाळची पहिली पूजा आधी हिची होते आणि मगच खाली ब्रह्मदेवाची, असे पुजाऱ्यांनी सांगितले. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर कठड्यावरून सगळे एका नजरेत दिसते: एका बाजूला पसरत गेलेली वाळू, समोर टेकड्यांच्या मध्ये सरोवराची वाटी, तिच्याभोवती पांढऱ्या घाटांची कडा, आणि घरांच्या दाटीतून वर आलेले ब्रह्ममंदिराचे लाल शिखर. जिथे यज्ञ झाला ती जागा तिच्या दारातून अशी समोर आहे.

शाप देऊन झाल्यावर सावित्री मंडपातून निघाली तेव्हा सख्या तिला थांबवत होत्या. तुमच्यातल्या कोणाचा आवाजही माझ्या कानी येणार नाही अशा ठिकाणी मी जाते, असे ती त्यांना म्हणाली आणि डोंगर चढून गेली, असे पुराणात आहे. सूर्य वाळूकडे झुकला तशी आम्ही दोघे त्या कठड्याशी बसून होतो. खाली घाटावर दिवे दिसू लागले. मग संध्याकाळच्या आरतीचा नगारा सुरू झाला, पाठोपाठ घंटा आणि ध्वनिक्षेपकावरून कोणाचा तरी भसाडा स्वर, आणि ते सगळे, शब्द न् शब्द कळावा इतके स्वच्छ, वरपर्यंत ऐकू येत होते.